आमची वाटचाल : ‘नाही’ लवकर सांगण्याचा धंदा

आम्ही औषध बनवत नाही. भेटायला येणारे निम्मे गुंतवणूकदार हे ऐकूनच गळतात, म्हणून आधीच सांगून टाकतो. इतरांनी बनवलेले रेणू एखाद्या एन्झाइमला, म्हणजे शरीरातल्या रासायनिक क्रिया घडवणाऱ्या प्रथिनाला, खरोखर अडवतात का, किती अडवतात आणि मेंदूपर्यंत पोचतात का, एवढं आम्ही तपासून देतो. विषय एकच, पार्किन्सन्स.

सुरुवात एमएओ-बी या एन्झाइमपासून केली, कारण त्याची चाचणी कमी भांडवलात बसवता येते. या आजारात मेंदूच्या सब्स्टॅन्शिया नायग्रा या भागातल्या, डोपामिन हे हालचालींसाठी लागणारं रसायन बनवणाऱ्या पेशी मरत जातात. जे थोडं डोपामिन उरतं ते एमएओ-बी मोडून टाकतं; ते रोखलं की डोपामिन जरा जास्त टिकतं. सेलेजिलिन, रासाजिलिन, सफिनामाइड ही याच वाटेवरची औषधं. लेव्होडोपा या मुख्य औषधासोबत दिलं जाणारं कार्बिडोपा आणि नंतर आलेलं एन्टाकापोन हीसुद्धा एन्झाइमच अडवतात. म्हणजे कल्पना चांगली मुरलेली आहे. अडचण एवढीच, की ही सगळी औषधं लक्षणं आटोक्यात ठेवतात. पेशींचं मरण यातल्या एकानेही थांबतं, असं सिद्ध झालेलं नाही.

पहिलं मोठं काम आलं ते रेणूंच्या एका भल्यामोठ्या संचाचं. पाठवणाऱ्यांच्या प्रयोगशाळेत त्यातले बरेच ‘जबरदस्त’ ठरले होते. एमएओ-बीचं काम चालू असताना हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं आणि ते एका रंगद्रव्याला चमकवतं. चमक कमी म्हणजे एन्झाइम अडलं, असा हिशोब. आम्ही एन्झाइम घातलंच नाही, नुसतं पेरॉक्साइड घातलं. तरीही चमक कमीच! हे रेणू एन्झाइमला हातही लावत नव्हते, पेरॉक्साइडच फस्त करत होते. उरलेल्यांत किंचित ट्रायटन हे डिटर्जंट टाकलं, तर आणखी काहींचा प्रभाव ओसरला. ते पाण्यात गोळा होऊन एन्झाइमला नुसते चिकटत होते. अहवाल गेला. बिल चुकतं झालं, पण पुढे बराच काळ तिकडून फोन नाही. मग आला तो थेट नव्या रेणूंसकट, आणि ‘ते पेरॉक्साइडवालं आधी करा’ या सूचनेसकट.

एलआरआरके२ या दुसऱ्या एन्झाइमकडे वळलो तेव्हा खर्चाचा अंदाज घेताना घाम फुटला. २००४ मध्ये त्याच्या जनुकातल्या बिघाडांचा पार्किन्सन्सशी संबंध उघड झाला. त्यातल्या जी२०१९एस या बदलाने हे एन्झाइम गरजेपेक्षा जास्त काम करू लागतं, म्हणून ते अडवलं तर निदान काही रुग्णांत आजाराच्या मुळालाच हात घालता येईल, ही आशा. पण हे प्रथिन २,५२७ अमिनो आम्लांचं, अवाढव्य. घरी बनवण्याच्या भानगडीत न पडता आम्ही ते विकत घेतलं. इथला सापळा एटीपीचा, म्हणजे पेशीच्या इंधनाचा; हे एन्झाइम तेच वापरतं. बहुतेक रोधक (एन्झाइम अडवणारे रेणू) एन्झाइमवरची एटीपीचीच जागा बळकावतात. नळीत एटीपी कमी ठेवलं की कुठलाही रेणू हुशार दिसतो. पेशीत ते मिलिमोलरच्या घरात, म्हणजे भरपूर, असतं आणि तिथे हुशारी उतरते. म्हणून आमच्या अहवालात प्रत्येक आकड्याशेजारी एटीपीचं प्रमाण छापलेलं असतं. काहींना ते खटकतं. खटकू दे.

एन्झाइम अडलं म्हणजे काम झालं असंही नाही. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एलआरआरके२चे रोधक दिलेल्या माकडांच्या फुप्फुसातल्या पेशींत बदल दिसले, आणि सगळं क्षेत्र दचकलं. दुसरीकडे निलोटिनिब, मूळचं रक्ताच्या कर्करोगाचं औषध, पार्किन्सन्सच्या रुग्णांवर तपासलं गेलं. मेंदूभोवती आणि पाठीच्या कण्यात असणाऱ्या द्रवात त्याचा अगदीच नगण्य अंश सापडला. दाराशीच अडलेल्या रेणूच्या ताकदीचं काय करायचं?

तेव्हापासून आम्ही कामाचा क्रम फिरवला. पूर्वी ताकद आधी मोजायचो; आता रेणू आला की आधी रक्त आणि मेंदू यांमधल्या पडद्याची नक्कल करणाऱ्या पेशींच्या थरातून पार जातो का, की पी-ग्लायकोप्रोटीन हे पंपासारखं प्रथिन त्याला परत बाहेर ढकलतं, हे बघतो. पडद्यापाशीच बाद झाला तर एन्झाइमच्या चाचणीचे पैसे लावत नाही. हिशेबनीस याला धंद्याचं नुकसान म्हणतात. मला तसं वाटत नाही, कारण स्वस्तात ‘नाही’ ऐकलेली माणसंच पुढचा संच घेऊन येतात.

सध्या चर्चा आहे यूएसपी३० या एन्झाइमची. पिंक१ आणि पार्किन ही प्रथिनांची जोडी खराब झालेल्या मायटोकाँड्रियांवर (पेशीतल्या ऊर्जाकेंद्रांवर) युबिक्विटिन या छोट्या प्रथिनाची खूण लावते, म्हणजे पेशी त्यांची विल्हेवाट लावते. यूएसपी३० ती खूण पुसतं. ते अडवलं तर सफाई नीट होईल, असा तर्क. यूएसपी३०चं काम सिस्टीन या अमिनो आम्लावर चालतं; त्यामुळे याच्या चाचणीत सिस्टीनला चिकटणारे उपद्रवी रेणू खोटे आकडे देणार हे उघड आहे, म्हणून त्यांना गाळणारी चाचणी आधी बसवायला घेतली आहे. भागीदार म्हणतात नवं यंत्र विकत घेऊ, मी म्हणतो वर्षभर भाड्याने चालवू. अजून एकमत झालेलं नाही.