पंख छाटायचे की पंखा बंद ठेवायचा?

पक्षी घरी आणला की कोणी ना कोणी सांगतंच, "पंख छाटून टाका, नाहीतर उडून जाईल." काही दुकानदार तर न विचारताच कात्री लावून देतात. इथे बोलतोय ते कॉकाटिल, बजी आणि लव्हबर्ड या छोट्या विदेशी पोपटांबद्दल. आपला कंठवाला हिरवा पोपट पाळणंच १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात बसत नाही, तेव्हा त्याच्या पंखांचा प्रश्न उरत नाही.

आधी घरातला धोका नेमका कुठला ते बघा. सिलिंग फॅन? छाटलेला पक्षीही घाबरला की भर्रकन दोन-चार फूट उसळतो, त्यामुळे तो बाहेर असताना बटण बंद ठेवणं हाच उपाय. उघडी खिडकी? हलका कॉकाटिल वाऱ्याच्या झोतावर पंख छाटलेले असूनही तरंगत बाहेर जातो आणि मग त्याला उंची गाठून परत येता येत नाही. खिडकीला जाळी बसवा. स्वयंपाकघरात उकळतं तेल आणि तापलेल्या नॉनस्टिक तव्याचा धूर असतो. तो धूर पिंजऱ्यातल्या पक्ष्यालाही मारतो, मग पंख कसेही असोत. उलट छाटलेला पक्षी जमिनीवर चालत फिरतो आणि पायाखाली किंवा दाराच्या फटीत सापडतो. माझं मत विचाराल तर, बहुतेक घरांत छाटायची गरज नसते.

तरीही अडचण खरीच असेल, म्हणजे घरात दारं सतत उघडी राहतात आणि जाळी शक्यच नाही, तर हे नीट समजून घ्या. पिल्लाला आधी उडायला शिकू द्या. कॉकाटिलचं पिल्लू साधारण पाच आठवड्यांचं झालं की घरट्याबाहेर उडू लागतं. त्यानंतर काही आठवडे तरी त्याला वळायला आणि उतरायला शिकायला मिळालं पाहिजे. ते न शिकलेला पक्षी पुढे धडपडत राहतो.

पंखाच्या बाहेरच्या टोकाला दहा लांब पिसं असतात. कापायची ती त्यांतलीच. आतली, अंगाजवळची पिसं सोडायची. दोन्ही पंखांची सारखीच. एकच बाजू कापली तर पक्षी गिरक्या घेत छातीवर आपटतो. आधी टोकाकडची तीन-तीन कापा, गादीवर सोडून बघा, तो तिरपा तरंगत खाली आला की थांबा. सरळ वर चढत असेल तर दोन्हीकडून एकेक वाढवा. दगडासारखा पडत असेल तर जास्त कापलंय. त्याला आता नवी पिसं येईपर्यंत उंच दांडीवर बसवू नका. काहीजण दिसायला बरं म्हणून टोकाची दोन पिसं ठेवून मधली कापतात. ती दोन एकटी उरतात, पिंजऱ्याच्या तारेत अडकून मोडतात.

वरच्या बाजूला आखूड पिसांची एक रांग या लांब पिसांच्या मुळावर झाकणासारखी असते. कात्री त्या रांगेच्या टोकांपासून सुमारे अर्धा सेंटीमीटर बाहेर, एकावेळी एकच पीस. त्याआधी पंख उजेडात धरून खालून पाहा. दांडी पांढरट, कोरडी असेल तर पीस पूर्ण वाढलंय. जांभळट-काळसर असेल तर आत रक्त वाहतंय, ते ब्लड फेदर. त्याला हात लावायचा नाही, शेजारचं एक जुनं पीसही सोडा म्हणजे त्याला आधार राहील. नव्वद ग्रॅमच्या कॉकाटिलमध्ये रक्त जेमतेम नऊ मिली असतं, त्यातलं एक मिली गेलं तरी ती काळजीची बाब. चुकून कापलंच गेलं तर टोकावर कॉर्नफ्लोअर दाबून धरा आणि पाच मिनिटांत थांबलं नाही तर पक्ष्यांच्या डॉक्टरकडे जा. घरी चिमट्याने पीस उपटू नका.

पकडताना दोन माणसं लागतात. एकाने टॉवेलमध्ये गुंडाळून डोकं जबड्याच्या दोन्ही बाजूंनी हलकं धरायचं, छाती मात्र मोकळी. पक्ष्याला आपल्यासारखं श्वासपटल (फुप्फुसांखालचा श्वास घेण्याचा स्नायू) नसतं, छातीचा सांगाडा हलला तरच श्वास चालतो. घट्ट आवळला तर तो हातातच गुदमरेल. चोच उघडून धापा टाकू लागला तर त्या दिवशीचं काम तिथेच सोडा. पहिल्यांदा करताय तर डॉक्टरांकडून करून घ्या आणि बघून शिका.

आणि हे कायमचं नाही. पिसं झडली की नवी येतात, एकेक करून, त्यामुळे काही महिन्यांत पक्षी पुन्हा उडू लागतो. दर पंधरा दिवसांनी पंख उघडून बघत जा, विशेषतः पिंजऱ्याच्या तळाशी लांब पिसं दिसू लागली की.