पितृपक्षातली गाणी

८ सप्टेंबर २०२५, सोमवार

गणपती गेले आणि फोन गप्प झाला. परवा विसर्जनाला दुपारपासून टेम्पोत किबोर्डमागे उभा होतो, त्यामुळे काल दिवसभर लोळायचा बेत होता. पण रात्री ग्रहण. वेध लागायच्या आत जेवून घे म्हणून आईने हलवून उठवलं. टीव्ही लावला तर लालबागचा राजा अजून गिरगाव चौपाटीवरच. म्हटलं चला, आपल्यापेक्षा उशिरा घरी जाणारं कोणीतरी आहे.

नोकरदाराचा पगार एक तारखेला होतो, आमचा पंचांगावर. श्रावणात भजनं आणि सत्यनारायणाच्या पूजेचे कार्यक्रम, मग गणपती, मग हे कोरडे पंधरा दिवस. घट बसले की पुन्हा सुरू. दिवाळी पहाट, तुळशीचं लग्न आणि त्यानंतर लग्नसराई. आगरी-कोळी हळदीची सुपारी सगळ्यात बरी: पैसे रोख, मटण पोटभर, आणि थांबायचं कधी हे यजमानालाच माहीत नसतं. आषाढीला चार अभंगांचे कार्यक्रम झाले की परत श्रावणाची वाट बघायची.

ओळखीच्या गुरुजींनी आज वाईट बातमी दिली. पुढच्या वर्षी ज्येष्ठ अधिक आहे, १७ मे ते १५ जून. म्हणजे ऐन हंगामातला महिनाभर लग्नं नाहीत. २०२३ला अधिक श्रावण आला तेव्हा गणपती १९ सप्टेंबरपर्यंत पुढे ढकलले गेले होते, पण निदान बुडाले तरी नव्हते. गुरुजींचं आणि माझं दुःख एकच, फक्त अधिक महिन्यात त्यांना दानाची वाणं तरी मिळतात.

पण पितृपक्षात एक गोष्ट होते. आम्ही चौघं एकाच वेळी मोकळे असतो. एरवी ऑक्टोपॅडवाला (ऑक्टोपॅड म्हणजे काठ्यांनी वाजवायचा इलेक्ट्रॉनिक ड्रम) एका मांडवात, बेसवाला दुसऱ्या, गायिका डबिंगला आणि मी तिसरीकडे. आमच्या बँडची जवळजवळ सगळी गाणी ह्याच पंधरवड्यात झाली आहेत. जे शुभकार्याला चालत नाहीत ते दिवस आमचे. यंदा १८ तारखेला खारच्या एका कॅफेत कार्यक्रमही मिळालाय. कॅफेवाल्यांना पक्ष वगैरे काही लागत नाही.

१० सप्टेंबर, बुधवार

कराओकेवाले काका आले होते. बँकेतून निवृत्त झालेत. मुलुंडला त्यांचा ग्रुप आहे, रविवारी छोटा हॉल भाड्याने घेतात, वर्गणी काढतात आणि प्रत्येकी दोन गाणी म्हणतात. काकांना एका जुन्या हिंदी गाण्याचा ट्रॅक, म्हणजे गायकाशिवायचं नुसतं संगीत, स्केल दोन पट्ट्यांनी खाली करून हवा होता.

सॉफ्टवेअरमध्ये हे काम मिनिटात होतं, पण तबला ढिला पडतो आणि व्हायोलिनला सर्दी झाल्यासारखी वाटते. म्हणून मी सगळं पुन्हा वाजवून देतो. बेस, तंतुवाद्यांचा पुंजका, मधल्या म्युझिकची बासरी, सगळं. एका ट्रॅकचे दीड हजार. काकांनी रिवाजाप्रमाणे, "अरे, यूट्यूबवर फुकट असतात," म्हणून बाराशेवर आणले.

मी म्हटलं, म्हणून दाखवा. काका उभे राहिले, चष्मा कपाळावर, मोबाइल नाकाशी. मुखडा उत्तम. उजवा हात पँटच्या शिवणीवर ताल धरत होता. अंतरा वर जायला लागला तशा त्यांच्या टाचा उचलल्या, आणि शेवटच्या सुराला काका पूर्ण चवड्यांवर. सूर मात्र खालीच राहिला.

"काका, तीनने उतरवू या का?"

"तीन? छे छे. ग्रुपमध्ये सगळे ओरिजिनलमध्ये गातात. दोन म्हणजेच मला लाज वाटते."

तीनने उतरवला. फाइलच्या नावात मात्र 'दोन' लिहिलं. संध्याकाळी काकांचा फोन, "बघ, दोनच खाली लागत होता, मी म्हटलं नव्हतं?"

दीनानाथला, मुलुंडच्या कालिदासला ऑर्केस्ट्रा लागायचा तेव्हा मंचावर डझनभर वादक असायचे आणि प्रत्येकाच्या खिशात पाकीट जायचं. आता मंचावर लॅपटॉप, आणि त्यातले बाराही जण म्हणजे मी, बाराशे रुपयांत. ज्याने पोटावर पाय दिला त्याच्याच चपला शिवतोय. काकांवर राग मात्र धरवत नाही. आठवडाभर एकच अंतरा घोटणारी माणसं आमच्या धंद्यातसुद्धा कमी झाली आहेत.

१३ सप्टेंबर, शनिवार

सोसायटीतल्या क्लासला आठ वर्षांची एक मुलगी येते, सोबत तिची आजी. नात शिकते तेवढा वेळ आजी शेजारी बसून माझ्याकडे बारीक लक्ष ठेवते. आज विचारलं, "प्रारंभिकची परीक्षा कधी? दहावीला मार्क मिळतात म्हणे." मिळतात, शास्त्रीय संगीताच्या परीक्षा दिल्या तर दहावीला वाढीव गुण मिळतात, पण त्याला वरच्या परीक्षा लागतात आणि नात अजून तिसरीत आहे. मी मान डोलावली. त्या गुणांवर मुंबईतले किती क्लास चालतात हे मला चांगलं ठाऊक आहे.

भूप राग सुरू केला आणि पेटीचा मधला पंचम मुका. पावसाळ्यात हे चालायचंच. लाकूड फुगतं, पट्ट्या अडकतात, रीडवर हिरवट पूड धरते. मुलीला म्हटलं, चल, आज आतून बघू. झाकण काढून रीडबोर्ड उलटा केला. पितळेच्या छोट्या छोट्या जिभा एका टोकाला रिव्हेटने पक्क्या, दुसरं टोक मोकळं. पातळ पत्र्याची पट्टी पंचमाच्या जिभेखालून हळूच सरकवली तर कचरा निघाला, आणि सूर बोलला. पण उतरलेला. मग टोकाशी किंचित खरवडलं. टोकाचं वजन कमी झालं की सूर चढतो, मुळाशी खरवडलं तर उतरतो. एक हात जास्त फिरला की वर-खाली करत बसा, आणि धातू काही परत येत नाही. मुलगी श्वास रोखून बघत होती. "ह्या जिभेने ती बोलते?" असं विचारून तिने स्वतःची जीभ बाहेर काढली.

आजीने अचानक विचारलं, "रेडिओवर पेटी चालायची नाही ना पूर्वी?" खरंच आहे. आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत पेटीवर बंदी घातली होती. तिच्यातून मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाणं, निघत नाही, स्वर ठरीव, हा मुख्य आक्षेप. आक्षेप खोटा नाही. पण घराघरांत, मठामंदिरांत, लोकलमधल्या भजनाच्या डब्यात आणि नाटकाच्या मंचापुढच्या पिटात तिला कोण अडवणार होतं? सरकारी प्रवेश नसतानाही जिचं पोट भरलं, अशा वाद्याबद्दल मला खास जिव्हाळा आहे.

१६ सप्टेंबर, मंगळवार

आमच्या भागातल्या एका भावी नगरसेवकाचं प्रचारगीत माझ्याकडे आहे. 'भावी' हा शब्द त्यांच्या फलकावर २०२२च्या मार्चपासून आहे, महापालिकेची मुदत संपली तेव्हापासून. शेवटची निवडणूक २०१७ची. मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने चार महिन्यांत निवडणुका घ्या म्हटलं आणि भाऊ लगबगीने माझ्या घरी आले. निम्मी रक्कम आगाऊ, निम्मी आचारसंहिता लागल्यावर.

आज न्यायालयाने मुदत वाढवली, ३१ जानेवारी २०२६ पर्यंत. माझी निम्मी रक्कमही तिकडेच गेली.

गाणं तसं बरं झालंय. भाऊंची मागणी साधी होती. "जोश पाहिजे आणि कामं ऐकू आली पाहिजेत." कामं म्हणजे नळ, गटार, दिवाबत्ती आणि व्यायामशाळा. 'मलनिस्सारण वाहिनी' हा शब्द लेझीमच्या चालीत बसवून बघा एकदा. दोन दिवस घोकला, शेवटी 'गटार' वर तडजोड झाली. आता नवीन अडचण अशी की प्रभागाचं आरक्षण अजून जाहीर झालेलं नाही. महिला राखीव झाला तर वहिनी उभ्या राहणार. "वहिनींच्या नावाची पण एक कॉपी करून ठेव," भाऊंच्या माणसाने फोनवर सांगितलं, जणू झेरॉक्स काढायची आहे. भाऊंचं नाव दोन अक्षरी, समेवर हातोडा मारल्यासारखं पडतं. वहिनींचं चार अक्षरी, शेवटी दीर्घ. ध्रुवपद नव्याने बांधायला लागेल. हे मी समजावायला गेलो तर तो म्हणाला, "दादा, चाल तीच ठेवा, वहिनींना ॲडजस्ट करायला सांगतो."

जास्तीचे पैसे मागितले. "बघू" असं उत्तर आलं. ह्या शहरात 'बघू' ऐकलं की मी वहीत शून्य लिहितो.

१८ सप्टेंबर, गुरुवार, रात्री

आत्ता घरी आलो. झोप येणार नाही, म्हणून लिहून टाकतो.

भांडुपहून दादरला मालडब्यात. मालडब्यात किबोर्डला कोणी नावं ठेवत नाही, पाट्यांच्या शेजारी तीही एक पाटी. दादरचा पूल ओलांडून पश्चिम रेल्वेला येईपर्यंत उजवा खांदा गेला होता. खारला पोचलो तर साउंडवाला सांगतो, मॉनिटर, म्हणजे आपलं आपल्याला ऐकू येण्यासाठीचा स्पीकर, एकच आहे. तो गायिकेला दिला.

वीस-बावीस माणसं होती, त्यातली निम्मी आमच्यानंतरच्या बँडची. तिकिटांतून कॅफेचा वाटा आणि साउंडचा खर्च गेला की उरलेलं दोन बँडांत. माझ्या वाट्याला आलं त्यात रिक्षा आणि वडापाव निघाले. ऑनलाइनचा हिशेब ह्याहून वाईट. स्पॉटिफायच्या २०२४ पासूनच्या नियमाने एखादं गाणं बारा महिन्यांत हजार वेळा वाजलं नाही तर त्याचे काहीच पैसे मिळत नाहीत. आमची बहुतेक गाणी त्या आकड्याच्या अलीकडेच अडतात.

पण लिहायचंय ते वेगळं. 'भाड्याचा चेक' हे आमचं गाणं पुनर्विकासात बाहेर पडलेल्या एका बिऱ्हाडावर आहे. संथ, जड चालीचं. पहिला अंतरा झाला, लोक आपापल्या मोबाइलमध्ये. मधल्या म्युझिकला ऑक्टोपॅडवाल्याचा हात सवयीने हळदीच्या ठेक्यात गेला. ठरलेलं नव्हतं. बेसवाल्याने माझ्याकडे पाहिलं आणि तोही त्याच ठेक्यात गेला. मग मी बेंजोचा आवाज लावून चार सूर टाकले, टेम्पोवर टाकतो तसेच. बिल्डर जेवण घालतोय, बिऱ्हाडं वाजतगाजत निघालीत, असं काहीतरी त्या गाण्यात एकदम उभं राहिलं. मोबाइल खाली गेले. मागे उभा असलेला वेटर हसत होता, त्याला कळलं हे कुठलं ते.

खाली रस्त्यावर चहा पिताना भांडण. गायिकेचं म्हणणं, "वर्षभर तेच वाजवता, निदान आपल्या गाण्यात तरी नको. लोक ठेक्याला बघतात, शब्द गेले." बेसवाला म्हणाला, "तेच तर आपलं आहे. बाकी सगळं यूट्यूबवर ऐकून शिकलोय." ऑक्टोपॅडवाला गप्प, त्याला उद्या सकाळी दांडियाची तालीम.

मला दोघांचंही पटतं, तरी माझं मत ठेक्याच्या बाजूने आहे. आम्ही हळदीत वाजवतो ते पैशासाठी हे खरं, पण हात तिथे तयार झालेत. एवढी वर्षं वाजवलेलं आपल्या गाण्याच्या दाराबाहेर काढून ठेवायचं म्हणजे दुसऱ्याच कोणाचं तरी गाणं वाजवण्यासारखं होईल. फक्त तो ठेका चार आवर्तनं नको. दोन पुरे. आणि शब्दांवर अजिबात नको.

२१ सप्टेंबर, रविवार

सर्वपित्री. उद्या घटस्थापना. आईने कावळ्यासाठी गच्चीत पान ठेवलं. कबुतरांनी फस्त केलं.

संध्याकाळी मैदानावर साउंड चेक होता. दहाला आवाज बंद, शेवटच्या काही दिवसांपुरती बारापर्यंत परवानगी, तेव्हा सातला सुरू करायचं ठरलंय. यंदा तृतीया दोन दिवस आल्याने नवरात्र दहा रात्रींचं. आमचं बोलणं झालं होतं नऊ रात्रींचं. आयोजक म्हणाले, "पॅकेज आहे ना, दहावी रात्र देवीची समजा." ऑक्टोपॅडवाल्याने शांतपणे विचारलं, "मांडववाल्याला पण तसंच सांगितलंत का?" अर्ध्या रात्रीच्या पैशावर मिटलं.

परत येताना गायिकेचा मेसेज आला. दोन आवर्तनं चालतील, पण बेंजोचा आवाज फार स्वच्छ वाटतोय, टेम्पोवरच्या भोंग्यातून येतो तसा फाटका कर. ते जमेल. भाऊबीज २३ ऑक्टोबरला आणि तुळशीची लग्नं २ नोव्हेंबरपासून. मधल्या आठवड्यात जॅमरूमच्या, म्हणजे सरावाच्या खोलीच्या, दोन दुपारी सांगून ठेवल्या आहेत.