बाहुलीला भिंतीकडे तोंड करून बसवलं तेव्हा

बालवाडीत सगळ्यात अवघड काम म्हणजे गप्प बसणं. मुलांकडे टक लावून पाहिलं की खेळ बदलतो. म्हणून तिरकं बसायचं, वहीत डोकं, कान उघडे. लिहायचं जसंच्या तसं. ‘रागावली’ हे निरीक्षण नव्हे, तो आपला निकाल. ‘बाहुलीला भिंतीकडे तोंड करून बसवलं’ हे निरीक्षण.

ही मुलगी चार वर्षांची. दंगा नाही, रडणं नाही. सहकारी म्हणतात, "सोनं आहे पोरगी." त्रास न देणारं मूल मोठ्यांना सोन्याचंच वाटतं. मुलांच्या खेळाच्या अभ्यासक मिल्ड्रेड पार्टेन यांनी १९३२ मध्ये खेळाचे जे प्रकार मांडले, त्यात एक नुसतं बघत राहणाऱ्याचा आहे. ही चार महिने तिथेच. आमच्या प्रगतिपत्रकात रंग ओळखण्याला रकाना आहे, ‘मला पण घ्या’ म्हणता येण्याला नाही.

त्या दिवशी भातुकलीत तिनं बाहुलीला भिंतीकडे तोंड करून बसवलं आणि म्हणाली, "मी थांबलेय. तुझं रडून झालं की सांग." आवाज अगदी थंड. मी वहीत लिहिलं : घरात धाक.

मानसशास्त्रज्ञ डायना बॉमरिंड यांनी १९६०च्या दशकात पालकांचे प्रकार सांगितले : नुसते हुकूम सोडणारे, सगळंच चालवून घेणारे आणि नियम ठाम ठेवूनही मायेनं कारण सांगणारे. हे घर मी पहिल्या खणात टाकून मोकळी झाले.

वडील आले. आमच्या बुटक्या खुर्चीत गुडघे छातीशी घेऊन बसले. भिंतीचं ऐकून ओशाळं हसले. "ताई, घरी ती तुम्हीच होते. आम्हालाही ओळीत बसवते. आम्ही तर तिनं मागायच्या आधीच हातात देतो."

‘मी थांबलेय’ हे वाक्य माझंच. रडणाऱ्याला मी गोंगाटापासून दूर, शांत कोपऱ्यात नेते, याचा मला अभिमान होता. तिथे बसल्यावर समोर भिंत येते, हे मी कधी त्या उंचीवरून पाहिलंच नव्हतं.

आणि मागायची वेळच आली नाही, तर मागायला शिकणार कशी? की ती मागत नाही म्हणून ते आधीच देऊ लागले? १९६८ मध्ये मानसशास्त्रज्ञ रिचर्ड बेल यांनी हेच म्हटलं होतं, की मूलही पालकांना घडवतं. मला अजून ठरवता येत नाही.

‘घरात धाक’वर एकच रेघ मारली. वहीत खाडाखोड चालत नाही, खालचं वाचता आलं पाहिजे.

दुसऱ्या दिवशी ती वाळूपाशी उभी होती. "हिलाही घ्या रे" माझ्या ओठांवर आलं, गिळलं. घरी जायची वेळ झाली तरी ती उभीच होती.