झाकोपाने: ग्येवोंतचा शेवटचा पॅच आणि ओस्त्सिपेकच्या नावाखाली गाईचं चीज

‘१८९५ मीटर, कुझ्नित्सेपासून तीन तास, पोरंसोरंही जातात.’ ग्येवोंत या शिखराबद्दल हेच ऐकायला मिळतं. यातलं काहीच खोटं नाही, पण शेवटच्या वीस मिनिटांबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही.

झाकोपाने हे पोलंडच्या दक्षिण टोकाला, तात्रा पर्वताच्या पायथ्याशी वसलेलं गाव. क्राकुवहून साधारण १०० किलोमीटर. गावातून दक्षिणेला पाहिलं की ग्येवोंत उताण्या झोपलेल्या सरदारासारखा दिसतो, आणि त्यावरचा लोखंडी क्रॉसही नजरेत येतो. डोंगर हाताशी असल्यासारखा वाटतो तो यामुळेच. पण दिसते ती उत्तरेची बाजू, म्हणजे सुमारे ६०० मीटरचा सरळ कडा. वाट मागून, दक्षिणेकडून आहे.

सुरुवात कुझ्नित्सेहून करायची (१०१० मीटर). खाजगी गाडी तिथवर जाऊ देत नाहीत. गावातून मिनीबस मिळते, नाहीतर चालत जा. कुझ्नित्से म्हणजे लोहारकामाच्या भट्ट्या. एकोणिसाव्या शतकात इथे लोखंडाचा मोठा कारखाना होता आणि त्याच्या कोळशासाठी आजूबाजूचं जंगल साफ झालं. १८८९ साली व्वादिस्वाव झामोइस्की यांनी ही सगळी जमीन लिलावात घेतली आणि पुढे १९२४ मध्ये देशाला देऊन टाकली. आजच्या राष्ट्रीय उद्यानाचं मूळ तिथे आहे. उद्यानाचं तिकीट नाक्यावर काढावं लागतं. कुत्रा नेता येत नाही.

निळ्या खुणांच्या वाटेने कोंद्रातोवाच्या कुरणापर्यंत (१३३३ मीटर) नुसतं चालणं आहे, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. तिथून कोंद्राच्का खिंडीपर्यंत (१७२५ मीटर) दगडी पायऱ्यांचा दमवणारा चढ. डोंगर चुनखडीचा असल्याने पाणी जमिनीत मुरतं. कुरणाच्या वर पाण्याचा भरवसा धरू नका, माणशी दोन लिटर खालूनच घ्या.

आता तो पॅच. शिखराच्या माथ्यावर साखळ्या ठोकल्या आहेत आणि वाट एकेरी आहे: एका बाजूने चढायचं, दुसरीने उतरायचं. मध्येच परत फिरता येत नाही. अवघड आहे तो इथला दगड. शंभराहून अधिक वर्षं बुटांनी घासून चुनखडी काचेसारखी झाली आहे. सह्याद्रीच्या खरबरीत कातळावर बुटाच्या पकडीवर निर्धास्त उभं राहायची सवय असेल, तर ती इथे पहिल्याच पावलाला दगा देते. पाऊस पडून गेला असेल तर खिंडीतूनच मागे फिरा. साखळी एका हाताने धरायची, दुसरा हात दगडावर. दोन खिळ्यांमधल्या एका टप्प्यावर एकच माणूस, नाहीतर पुढच्याने झटका दिला की मागच्याचा तोल जातो. काठ्या सॅकला बांधून टाका. जुलै-ऑगस्टच्या शनिवार-रविवारी इथे रांग लागते, आणि रांगेत तासभर अडकणं हा निव्वळ कंटाळ्याचा प्रश्न नाही.

कारण वीज. उन्हाळ्यात दुपारी ढग झपाट्याने उभे राहतात. वर १९०१ सालचा, जमिनीपासून १५ मीटर उंच लोखंडी क्रॉस आहे, आणि त्याच्या खाली ओल्या साखळ्यांना लटकलेली माणसं. २२ ऑगस्ट २०१९ ला इथे वीज पडली. त्या दिवशीच्या वादळात तात्राच्या पोलिश बाजूला चौघांचा जीव गेला आणि दीडशेहून अधिक जखमी झाले. साखळ्यांमधूनही प्रवाह गेला होता. म्हणून सकाळी सहाला कुझ्नित्से सोडा, दहाच्या आत शिखर, अकराला खिंडीच्या खाली. दूरवर गडगडलं तरी साखळी सोडून उतरायला लागा. शेजारच्या कास्प्रोवी शिखरापर्यंत रोपवेने जाऊन धारेवरून ग्येवोंत गाठायचा बेत स्वच्छ हवेत ठीक आहे, ढगात अजिबात नको. त्या धारेवर आडोसाच नाही.

उतरताना लाल खुणांची स्त्रोंझिस्का दरीची वाट चांगली, पण जवळजवळ १००० मीटर उतार आहे, गुडघे बोलतात. उत्तरेकडच्या घळीतून शॉर्टकट मारू नका. तिथे माणसं मेली आहेत. पर्वतीय बचाव दलाचा नंबर ६०१ १०० ३००, वर जायच्या आधी फोनमध्ये टाका.

आता लूट. क्रुपुव्की या मुख्य रस्त्यावर टपरीटपरीवर ‘ओस्त्सिपेक’ विकतात. खरा ओस्त्सिपेक मुख्यतः मेंढीच्या दुधाचा, दोन्ही टोकांना निमुळता, १७ ते २३ सेंटिमीटर लांब आणि ६०० ते ८०० ग्रॅम वजनाचा. २००८ पासून या नावाला युरोपीय संरक्षण आहे, आणि तो मे ते सप्टेंबरच बनतो. जानेवारीत कोणी ‘ताजा’ म्हणाला तर ते गाईचं चीज समजा. क्रॅनबेरीच्या मुरंब्याबरोबर भाजून चांगलं लागतं, पण त्याला ओस्त्सिपेकचा भाव देऊ नका. खानावळीत मासा किंवा मटण मागवताना दर ताटाचा आहे की १०० ग्रॅमचा, ते आधी विचारा. ‘१०० ग्रॅम’ बारीक अक्षरात असतं आणि ताटात ४०० येतात.

पाय आखडले असतील त्या दिवशी कोलिबा बघा. स्तानिस्वाव वित्क्येविच यांनी झाकोपाने शैलीत आखलेलं हे पहिलं लाकडी घर, १८९२-९३ चं. ओंडक्यांच्या सांध्यांत लाकडाच्या बारीक, लांब छिलक्यांचे वळलेले दोर ठासलेले दिसतात, तेवढं जवळ जाऊन पाहाच. जुन्या लाकडी चर्चमागच्या दफनभूमीत वित्क्येविच आहेत, आणि ज्यांच्यामुळे हे खेडं हवापालटाचं ठिकाण झालं ते डॉक्टर हाउबिन्स्कीही.

रविवारी दुपारी क्राकुवची बस पकडू नका. दोन तासांचा रस्ता त्या दिवशी चार तास घेऊ शकतो. सकाळी नऊच्या आत निघा किंवा सोमवारी.