साहित्य शिकवता, म्हणजे कादंबरी सोपी जात असेल?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. कोल्हापुरात कुठल्याही कार्यक्रमानंतर चहाच्या कपाबरोबर हा प्रश्न येतोच: "सर, साहित्याचे प्राध्यापक म्हटल्यावर कादंबरी तुम्हाला सोपी जात असंल की!" विचारणारा वर पुरावाही देतो, "फडके, खांडेकर, आपल्याकडं परंपराच आहे."

आहे ना. पण ना. सी. फडके राजाराम कॉलेजात शिकवायचे ते तर्कशास्त्र आणि तत्त्वज्ञान. वि. स. खांडेकर शिरोड्याच्या शाळेत मास्तर होते आणि १९३८ साली कोल्हापूरला आले ते सिनेमाच्या कथा लिहायला. कॉलेजात मराठी साहित्याचा तास घेऊन घरी कादंबरी लिहायची, हे दोघांच्याही वाट्याला आलं नाही. सुटले बिचारे!

कारण वर्गात आम्ही कादंबरी सोलून दाखवतो. पात्रचित्रण, निवेदन, वातावरणनिर्मिती, प्रादेशिकता, प्रत्येकी पाच गुण. रात्री स्वतःचं पान लिहायला बसलं की तीच सवय आडवी येते. म्हातारी उंबऱ्यावर बसून शेंगा फोडतेय एवढं लिहावं, तर डोक्यात लगेच प्रश्नपत्रिका: 'ग्रामजीवनाचे चित्रण सोदाहरण स्पष्ट करा.' मग ती म्हातारी उठून जाते, परत येत नाही.

यावर उलट पुरावा म्हणून कादंबरीकार राजन गवस यांचं नाव मला ऐकवलं जातं. गारगोटीत मराठी शिकवत त्यांनी लिहिलं, 'तणकट' कादंबरीला २००१ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. बरोबर. पण त्यांच्या 'चौंडकं' कादंबरीतलं देवदासीचं जगणं कुठल्या अभ्यासक्रमातून आलंय? ते त्या मुलखातून आलंय. शिकवणं त्यांना नडलं नाही, एवढंच म्हणता येईल.

मला नोकरीनं दिलं काय? पगार. हे कुणी मोकळेपणानं बोलत नाही. मराठी कादंबरीची आवृत्ती पाचशे-हजार प्रतींची. मानधनावर घर चालवायचं म्हटलं तर वर्षाला एक कादंबरी पाडावी लागेल. पगारामुळं एका कादंबरीवर सहा वर्षं बसायची चैन परवडते. शिवाय चंदगड, आजरा, राधानगरीहून येणारी पोरं. तासाला ती आमच्यासारखं छापील बोलतात, पण एसटीची वाट बघताना त्यांचं बोलणं ऐकावं! माझे निम्मे संवाद तिथले आहेत.

तेव्हा नोकरी सोडणार नाही. पेपर तपासणीतून कुणी सोडवत असेल तर मात्र आजच अर्ज करतो.