तुम्ही विचारलंत म्हणून : एवढ्या मोठ्या विद्यापीठात हरवायला होत नाही का?

पीएचडीला लागल्यापासून भेटेल तो हेच विचारतो. सुरुवातीला 'होतं थोडं' म्हणून मी वेळ मारून न्यायचे. खरं उत्तर जरा लांब आहे आणि त्यात गणित आहे. माझा विषय संख्याशास्त्र, त्यामुळे इलाज नाही.

माहितीपत्रकात 'वर्गात सरासरी इतके विद्यार्थी' असा आकडा असतो, तो बघून आपण निर्धास्त होतो. आता समजा, दहा वर्ग आहेत. नऊ वर्गांत प्रत्येकी १० जण आणि दहाव्यात २१०. एकूण ३००, म्हणजे वर्गामागे सरासरी ३०. छापायला झकास आकडा! पण त्या ३००पैकी २१० जण एकाच सभागृहात कोंबलेले आहेत. प्रत्येक विद्यार्थ्याला 'तुझ्या वर्गात किती जण?' असं विचारून सरासरी काढा, ती १५० भरते, कारण २१० जणांचं उत्तर '२१०' असंच येणार. खोटं कुणीच बोललेलं नाही. स्कॉट फेल्ड आणि बर्नार्ड ग्रोफमन या दोन संशोधकांनी १९७७ साली या विरोधाभासावर लेख लिहिला. तो मी इथे आल्यावर वाचला, आधी वाचायला हवा होता.

मी मात्र या हिशेबाच्या दोन्ही टोकांना बसते. सकाळी तसल्याच एका दांडग्या वर्गाची ट्युटर. मागच्या रांगेतली पोरं खुशाल डुलक्या काढतात, कुणाचं काही अडत नाही. दुपारी माझा स्वतःचा कोर्स : एक लांबट टेबल, आम्ही सहा जण आणि मॅडम. पहिल्याच आठवड्यात एक पेपर वाचून यायचं होतं. मी सुरुवातीचा सारांश आणि शेवटचा निष्कर्ष तेवढा वाचला होता. मॅडमनी शांतपणे विचारलं, ''चौथ्या पानावरचं गृहीतक कुणाकुणाला पटलं?'' माझी पाळी आल्यावर मी म्हटलं, ''मला पटलं.''

''कुठलं? तिथे दोन आहेत.''

त्या ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी नुसती मान हलवली आणि शेजारच्याकडे वळल्या. तेव्हा हरवण्याची मला काडीची भीती नाही. हरवता येत नाही, हीच तर पंचाईत आहे.

खरीखुरी हरवले ती एकदाच, ग्रंथालयात. रिग्रेशनवरचं, म्हणजे एका गोष्टीवरून दुसरीचा अंदाज बांधण्याच्या तंत्रावरचं, एक पुस्तक हवं होतं, क्रमांक ५१९.५३६. मी ५१९.६चं कपाट गाठलं आणि तिथून पुढे शोधत सुटले, कारण माझ्या डोक्यात ५३६ हा आकडा ६पेक्षा मोठा! पुस्तकांना विषयवार क्रमांक देण्याची ड्यूईची दशांश पद्धत १८७६पासून दशांशावर चालते आहे, तिच्या नावातच दशांश आहे, आणि संख्याशास्त्रात पीएचडी करायला आलेली बाई अर्धा तास दशांश चिन्ह विसरून हिंडते. पुस्तक अर्थातच मागच्या कपाटात होतं. ग्रंथालयातल्या काकांनी न हसता ते काढून दिलं. ही गोष्ट मी डिपार्टमेंटमध्ये अजून कुणाला सांगितलेली नाही.

बाकी सेमिनार, फॉर्म, ओळखपत्राच्या रांगा वगैरे सगळीकडे असतं तसंच.

पहिलं सत्र संपत आलं असताना पहिल्या वर्षाच्या एका मुलीने मला जिन्यात गाठलं. ''ताई, नाट्यगृह कुठेय?'' मी तोंड उघडलं आणि लक्षात आलं, मला ठाऊकच नाही. माझी खोली, मॅडमची खोली, ते लांबट टेबल, ग्रंथालयाचा दुसरा मजला : चार महिन्यांत मी याबाहेर पाऊल टाकलेलं नव्हतं. आम्ही दोघी भिंतीवरच्या नकाशासमोर जाऊन उभ्या राहिलो. 'तुम्ही इथे आहात'चा लाल ठिपका तिनेच आधी शोधला.