विजेता पोहोचल्यानंतरची शर्यत

जुलैमध्ये आमच्याकडे रात्रीची जेवणं उशिरा होतात. टूर द फ्रान्स या तीन आठवड्यांच्या सायकल शर्यतीचा रोजचा टप्पा आपल्या घड्याळात नऊच्या आसपास संपतो. त्यातून डोंगराचा टप्पा असला, तर विजेत्यानं हात उंचावल्यावरही मी जागचा हलत नाही. 'संपली ना शर्यत?' बायको विचारते. विजेत्या पोगाचारची संपलेली असते. मी ज्यांच्यासाठी थांबलेलो असतो, ते कुठेतरी शेवटच्या घाटात घाम गाळत असतात आणि मी मोबाइलवर मिनिटं मोजत असतो.

हे खूळ कुठून आलं ते माझ्याकडे बघितलं की कळतं. वजन 84 किलो. सोलापूर रस्त्याच्या सपाटीवर आमच्या ग्रुपमध्ये मला मागे टाकणं कुणाला सहज जमत नाही. पण सिंहगडाला गोळेवाडीचा नाका ओलांडला की सडपातळ मंडळी गप्पा मारत पुढे निघून जातात आणि मला स्वतःचा श्वास सोडून दुसरं काही ऐकू येत नाही. वर पिठलं-भाकरी खाताना मग हमखास वाद निघतो: एवढे दणकट स्प्रिंटर, म्हणजे शेवटच्या काही मीटरांत सुसाट सुटणारे गडी, त्यांना डोंगर का झेपत नाही?

झेपत नाही याचं कारण वजन. सपाटीवर मुख्य झगडा वाऱ्याशी असतो, तिथे अंगापिंडानं भरलेला गडी तोट्यात नसतो. चढावर झगडा गुरुत्वाकर्षणाशी. जर्मन स्प्रिंटर मार्सेल किटेल आणि एखादा अस्सल घाटवीर यांच्यात वीसेक किलोंचा फरक सहज असायचा. आपण पंधराच धरू. म्हणजे तांदळाची अर्धी गोणी पाठीवर टाकून निघालात. ती तासाभरात हजार मीटर उंच न्यायची, तर नुसत्या त्या गोणीपायी सतत 40 वॅट जास्त लागतात. स्प्रिंटर शेवटच्या दहा-पंधरा सेकंदांत दीड हजार वॅटच्या घरात जातो हे खरं, पण आल्प्समधला गालिबिएचा घाट पंधरा सेकंदांत संपत नाही.

तेव्हा स्प्रिंटर डोंगरात जिंकायला जात नाही, मुदतीत पोहोचायला जातो. विजेत्याला लागलेल्या वेळात ठरावीक टक्के मिळवून ही मुदत काढतात. टक्के किती, ते टप्प्याच्या अवघडपणावर आणि विजेत्याच्या सरासरी वेगावर ठरतं. मुदत चुकली की सामान बांधायचं. यातली मेख अशी की टप्पा जितका छोटा तितकी मुदत आखूड. 2018 चा ला रोझिएरचा टप्पा आठवा. अंतर जेमतेम 108 किलोमीटर, त्यात घाटावर घाट. ब्रिटिश स्प्रिंटर मार्क कॅव्हेंडिश विजेत्याच्या तासाभरापेक्षा जास्त मागे आला. तो बाद, किटेल बाद, कॅव्हेंडिशचा जुना साथीदार मार्क रेनशॉही बाद. दुसऱ्या दिवशी आल्प द्युएझच्या वाटेवर गाविरिया, ग्रूनेवेगन आणि ग्रायपल या स्प्रिंटरांनी शर्यतच सोडली. गाविरिया आणि ग्रूनेवेगननं त्या वर्षी दोन-दोन टप्पे जिंकले होते! मग शेवटच्या दिवशी पॅरिसला शाँझेलिझेवर कोण जिंकलं? अलेक्झांडर क्रिस्टॉफ. वेगात तो त्या दोघांच्या पुढचा होता असं मला वाटत नाही, पण तो तिथवर पोहोचला होता.

पोहोचायची एक रीत आहे. पहिल्याच घाटात एकटं मागे सुटायचं नाही, जीव गेला तरी मुख्य घोळक्याची शेपूट धरून ठेवायची. नंतर मागे पडलेल्यांचा घोळका जमतो, त्याला ग्रुपेटो म्हणतात. चढावर सगळे एका लयीत चालतात. उताराला आणि दोन घाटांमधल्या दरीत मात्र बेफाम सुटतात, कारण गेलेली मिनिटं तिथेच परत मिळतात. उतारावर सगळ्यात जिवावर उदार होतात ते हेच, असं माझं मत. शिवाय सतत हिशेब: पुढचा विजेता कितीत पोहोचेल, आपल्याला किती मिळतील, आत्ता दम राखायचा की खर्च करायचा. ऑस्ट्रियाचा बर्नहार्ड आयझेल या हिशेबात तरबेज म्हणून ओळखला जायचा, कॅव्हेंडिशला त्यानं कित्येक डोंगर पार करून दिले. आपल्याकडे मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट आधी चढणाऱ्याला 'घाटाचा राजा' हा किताब मिळतो. आयझेलसारख्यांसाठी कुठेच किताब नाही.

सोबतीचा हा सौदा महागातही पडतो. 2017 मध्ये फ्रेंच स्प्रिंटर आर्नो देमार आधी एक टप्पा जिंकून बसला होता. शाँबेरीच्या टप्प्यात तो मागे पडला, त्याला आणायला संघातले तिघे थांबले आणि चौघेही मुदतीबाहेर गेले. त्यांचा एफडीजे संघ एका संध्याकाळीत चारानं कमी झाला. तरीही ते थांबले यात मला चूक दिसत नाही. देमारशिवाय ते तिघे पुढे करणार काय होते?

माझा सगळ्यात आवडता टप्पा 2021 चा, तीन्यचा. थंडी, पाऊस, कॉल द्यू प्रे, मग कोर्मे द रोझलाँ, शेवटी तीन्यची चढण. बेन ओकॉनर साडेचार तासांच्या आत पोहोचला आणि मुदत निघाली त्याच्यानंतर साधारण 37 मिनिटांची. कॅव्हेंडिश त्या वर्षी आयत्या वेळी संघात घेतलेला गडी. कारकीर्द संपली असं सगळे म्हणत असताना त्यानं दोन टप्पे मारले होते. साथीदारांच्या गराड्यात तो वर आला तेव्हा हातात सुमारे दीड मिनिट उरलं होतं. देमार पुन्हा बाहेर. टूरमध्ये उतरलेला पहिला कृष्णवर्णीय दक्षिण आफ्रिकन, निक द्लामिनी, मुदत केव्हाच सरली हे माहीत असूनही एकटा चढत राहिला आणि विजेत्याच्या तासाहून जास्त मागे आला. गाडीत बसला असता तरी निकाल तोच होता. विश्रांतीच्या दिवसानंतर व्हॅलान्सला कॅव्हेंडिश जिंकला, कार्कासोनला पुन्हा जिंकला आणि एडी मर्क्सच्या 34 टप्पा-विजयांच्या विक्रमाशी बरोबरी झाली. दीड मिनिटाची किंमत एवढी.

कुणी म्हणेल, व्हाउट व्हान आर्टचं काय? त्याच टूरमध्ये त्यानं मों व्हांतू दोनदा चढायचा टप्पा जिंकला, टाइम ट्रायल (एकेकट्यानं घड्याळाशी शर्यत) जिंकली आणि पॅरिसला स्प्रिंटही जिंकला. मान्य. पण त्याला स्प्रिंटरच्या रांगेत उभं करणं म्हणजे वादच मोडीत काढणं. दुसऱ्या टोकाला मारियो चिपोलिनी. 1999 मध्ये सलग चार टप्पे जिंकले, टूर मात्र आयुष्यात एकदाही पूर्ण केली नाही. डोंगर आले की स्वारी घरी! तऱ्हेवाईक, देखणा, खेळाला हवाहवासा माणूस, पण माझ्या यादीत तो कॅव्हेंडिशच्या बराच खाली.

आमच्या ग्रुपमधला एक जण म्हणतो, ही मुदत काढून टाका, बिचाऱ्यांचे हाल कशाला. मला ते अजिबात पटत नाही. मुदत नसेल तर स्प्रिंटर डोंगरात फिरायला आल्यासारखे येतील आणि दुसऱ्या दिवशी ताज्या पायांनी जिंकतील. मग देमारला बाहेर काढणाऱ्या घाटातून स्वतःला ओढून नेलेल्याला काय मिळालं? थोडी दया नियमात आहेच. 2011 मध्ये गालिबिएवर 88 जणांचा घोळका उशिरा आला, तेव्हा पंचांनी सगळ्यांना राहू दिलं, पण हिरव्या जर्सीच्या, म्हणजे गुणांच्या, शर्यतीतले कॅव्हेंडिशचे 20 गुण कापले. दुसऱ्या दिवशी आल्प द्युएझला पुन्हा तेच, पुन्हा 20. तरीही जर्सी त्यानंच नेली. हा न्याय मला बरोबर वाटतो.

2024 मध्ये कॅव्हेंडिश 39 वर्षांचा होता. पहिल्याच दिवशी उन्हानं त्याला ओकाऱ्या झाल्या, साथीदारांनी कसंबसं रिमिनीला आणलं. मंगळवारी गालिबिए. बुधवारी, 3 जुलैला, सँ-व्हुल्बाला 35 वा विजय. टीव्हीवर त्या दिवसापासून बुधवारचीच क्लिप फिरते. मंगळवारची मी अजून शोधतोय.